एका ‘ह्यः’चं उट्टं

मी डूख धरणारी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचणाऱ्यानं माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा ठेवायला नको. काळ हे औषध असतं म्हणतात. असेल, मला कधी लागू पडलं नाही. मला कोण काय बोललं ते वर्षानुवर्षं काना-मात्रेसकट आठवतं, आणि आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. सातवीच्या सुट्टीत एका शब्दावरून धरलेला डूख मी एम. ए. होईपर्यंत सांभाळला. शब्द जेमतेम एका अक्षराचा होता, संस्कृतातला.

सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा आम्ही वाशीला राहायला आलो. वडील ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. आधी आम्ही चेंबूरला एका खोलीत सहाजण राहायचो. वाशीला दोन खोल्या आणि घरात नळ मिळाला, तर आई पहिले दोन दिवस उगीचच तो सोडून-बंद करून बघत होती. आजूबाजूला सगळं मोकळं मैदान, खाडीकडून येणारे डास, आणि सेक्टरमध्ये एकसारख्या पिवळट इमारती. कुणी दादरहून आलेलं, कुणी साताऱ्याकडचं, कुणी रत्नागिरीचं. सगळे नोकरदार, सगळ्यांच्या खिडक्यांना एकाच मापाचे गज. वडिलांना ते फार आवडायचं. म्हणायचे, “इथं वाडी नाय, आळी नाय. सगळेच नवे. कोणाला कोणाचं मागलं ठाऊक नाय.”

वडील भाबडे होते. मागलं काढायला आपल्या लोकांना असा कितीसा वेळ लागतो!

शेजारच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक सर राहायचे. देशावरच्या एका शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले आणि मुलाकडे वाशीला आलेले. आठवीत गेलं की संस्कृत घ्यायचं की पूर्ण हिंदी, हे ठरवावं लागे. संस्कृतला पैकीच्या पैकी मार्क पडतात ही प्रत्येक आईबापाची ठाम समजूत होती, त्यामुळे संस्कृतच्या तुकडीसाठी झुंबड असे. सर उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवीत जाणाऱ्या मुलांचा वर्ग घ्यायचे, एक पैसाही न घेता. पण सरांच्या वर्गात बसलेल्या मुलालाच आमची शाळा संस्कृत द्यायची. सर नाही म्हणाले तर हिंदी. असा काही लेखी नियम नव्हता. सगळ्यांना ठाऊक होतं, एवढंच.

मी सातवीत वर्गात पहिली आले होते. घरी संस्कृतचा विषय काढला तेव्हा वडील जेवत होते. त्यांचा घास हातातच राहिला. “घे,” म्हणाले. “माझ्या आज्याच्या कानावर ते पडू देत नसत. तू बाकावर बसून शीक.” मग आईकडे बघून पुन्हा म्हणाले, “बाकावर बसून, हां.” हे त्यांनी इतक्या हळू म्हटलं की मला ते फार मोठं वाटलं. मार्कांचं मला काही पडलं नव्हतं. वडिलांसाठी मला ते संस्कृत पाहिजे होतं.

वर्गाच्या पहिल्या दिवशी मी वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीबरोबर गेले. सरांचं दार उघडं होतं, आत सतरंजीवर पंधरा-वीस मुलं बसली होती आणि सूर लावून म्हणत होती: अद्य, श्वः, ह्यः. आज, उद्या, काल. मैत्रीण आत जाऊन बसली. मी चप्पल काढून आत पाऊल टाकणार, तेवढ्यात सरांनी हात वर केला. मला दारातच थांबवलं आणि नाव विचारलं. मग आडनाव. मग गाव. गाव सांगितलं तर म्हणाले, “मूळचं?” मूळचंही तेच, असं मी म्हटलं. सरांचं समाधान झालं नाही. गोड हसून म्हणाले, “घरी गणपती बसतो का गं?”

मी म्हटलं, “नाय सर. आमच्याकडे बुद्धवंदना असते.”

“अस्सं,” सर म्हणाले.

हा ‘अस्सं’ ज्यांनी ऐकलाय त्यांना मी काय सांगतेय ते कळेल. ज्यांनी ऐकला नाही ते नशीबवान.

मग सर म्हणाले, “म्हण बघू, ह्यः.” त्या दिवशी दुसऱ्या कुणाची परीक्षा घेतली गेली नाही, फक्त माझी. मी म्हटलं, “यः.” आमच्या घरात सगळेच ‘आमी-तुमी’ बोलणारे. ‘ह’ आमच्या बोलण्यात आला तर आला, नाहीतर नाही. सतरंजीवर खसखस पिकली. सर म्हणाले, “पुन्हा.” मी पुन्हा तेच म्हटलं, या वेळी जास्त जोरात. माझी मैत्रीण आत बसून ‘ह्याहा’ म्हणाली, तिला सर “छान” म्हणाले, ते मी दारातून माझ्या कानांनी ऐकलं.

“बाळ, तुझी जीभ जड आहे,” सर म्हणाले. आवाज अगदी मायेचा. “तुझा दोष नाही त्यात. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय असते, ती अशी एका सुट्टीत जात नाही. तू हिंदी घे. झेपेल तुला.”

ते खेकसले असते तर बरं झालं असतं. खेकसणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घालता येतात. हे लोक तुमच्या डोक्यावरून हात फिरवत तुम्हाला दाराबाहेर काढतात, आणि वर तुम्हीच त्यांना ‘येते सर’ म्हणता. मीसुद्धा म्हटलं. चप्पल पायात घातली आणि जिना उतरले.

घरी गेले आणि खोटं बोलले. म्हटलं, मला संस्कृत नकोच वाटलं, नुसती घोकंपट्टी आहे, हिंदीच बरं. वडिलांना ते दारातलं सांगायचं माझ्या जिवावर आलं. ते “बरं” म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. ना एक प्रश्न, ना आग्रह. मला त्या ‘बरं’चा इतका संताप आला की पुढं कित्येक वर्षं मी त्यांच्या गरीब स्वभावाला मनातून नावं ठेवत राहिले. एवढं बाकाचं बोलणारा माणूस दुसऱ्या दिवशी एका शब्दानं विचारत नाही! सर रस्त्यात भेटले की वडील त्यांना नमस्कार करायचे, तोही मला खपायचा नाही.

त्या सुट्टीत मी गच्चीवर जाऊन ‘ह्यः’ घोकला. तळहात तोंडासमोर धरायचा आणि म्हणायचं. श्वास हाताला लागला तर ‘ह’ आला, नाही लागला तर नाही आला. शाळा सुरू होईपर्यंत मला तो सरांपेक्षा स्वच्छ यायला लागला होता. पण ऐकवायचा कुणाला? शाळेनं मला हिंदीच्या तुकडीत टाकून दिलं होतं. संस्कृतचा तास लागला की आम्ही उरलेली मुलं उठून दुसऱ्या वर्गात जायचो, आणि भिंतीपलीकडून ते चालू असायचं: अद्य, श्वः, ह्यः.

कॉलेजला मी रोज बसनं खाडीपूल ओलांडून मुंबईत जायचे. तिथं पाली घेता येत होतं, आणि पालीला कुणी विचारत नव्हतं की शाळेत संस्कृत होतं का. खरं सांगायचं तर पाली मी भक्तीनं घेतलं नाही. सरांचं दार बंद तर शेजारच्या दारानं आत शिरायचं, एवढाच माझा डाव होता. पहिल्याच वर्षी एका उताऱ्यात ‘हिय्यो’ असा शब्द आला. खाली अर्थ दिलेला: काल.

मी बाकावर ताठ बसले. हा तर तोच! ‘ह्’ आणि ‘य्’ एका दमात म्हणायला जड जातात, म्हणून बोलणाऱ्या लोकांनी मधे एक ‘इ’ घालून घेतली होती. म्हणजे माझ्यासारख्या जिभेची माणसं दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीही होती, आणि त्यांना कुणी हिंदी घ्यायला सांगितलं नव्हतं. उलट त्यांच्या त्या सैल बोलण्यातच अख्खा धम्म जपला गेला होता. रोज संध्याकाळी आमच्या घरात तीच भाषा म्हटली जायची आणि मला त्याची शुद्ध नव्हती.

तिथून मी त्या शब्दाच्या मागेच लागले. एम. ए.ला भाषाशास्त्र घेतलं. आमच्या बाई म्हणायच्या, एखादा शब्द पकड आणि मागे मागे जात राहा, जिथं रस्ता संपेल तिथं मला येऊन सांग. बाकीच्यांनी आई, बाप, पाणी असले शब्द घेतले. मी ‘यस्टरडे’ घेतला. लायब्ररीतले ते जाडजूड कोश घरी मिळत नसत, म्हणून डबा बाहेरच खाऊन दुपारभर तिथं बसायचे. इंग्रजांचा ‘काल’ जुन्या इंग्रजीत ‘येओस्त्रान’ असा काहीसा होता. लिहिताना सुरुवातीला ‘ग’ लिहीत, बोलताना ‘य’ म्हणत. त्यांचे भाऊबंद जर्मन, ते अजून ‘गेस्टर्न’ म्हणतात, त्यांचा ‘ग’ शाबूत. लॅटिनमध्ये ‘हेरी’, आणि कालचा या अर्थानं ‘हेस्टर्नुस’. तोच फ्रेंचांकडे गेला तर ते ‘ह’ लिहितात आणि उच्चारत नाहीत, नुसतं ‘इयेर’. ग्रीकांचा ‘ख्थेस’. गॉथिक नावाच्या एका जुन्या भाषेत तर हाच शब्द ‘उद्या’च्या अर्थानं सापडतो, आपल्या हिंदीवाल्यांच्या ‘कल’सारखा घोटाळा. या सगळ्यांच्या मागे एक फार जुना शब्द असावा आणि त्याच्या तोंडाशी ‘घ’सारखा जाड आवाज असावा, असं जाणकार मानतात. त्या ‘घ’चा कुणी ‘ग’ केला, कुणी ‘ह’ केला, इंग्रजांनी त्या ‘ग’चा पुढं ‘य’ केला.

इंग्रजांनी ‘य’ केला! मी दारात उभी राहून जे केलं होतं, तेच एका अख्ख्या राष्ट्रानं केलं होतं, आणि त्यांची भाषा शिकायला सरांनी स्वतःच्या नातवाला कॉन्व्हेंटमध्ये घातलं होतं. मला लायब्ररीत एकटीला हसू फुटलं. ते आनंदाचं नव्हतं. हातात धोंडा सापडल्याचं हसू होतं ते, आता फक्त डोकं समोर यायची वाट होती.

ते आलंच. कॉलनीच्या वसंत व्याख्यानमालेत त्या वर्षी पहिलं पुष्प सरांचं होतं. विषय: संस्कृत, जगातल्या सर्व भाषांची जननी. शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या, मागे खुर्च्या, पंखे घरघरताहेत. पुढच्या रांगेत सोसायटीचे अध्यक्ष आणि मंडळी. मी अर्धा तास आधी जाऊन मधली जागा धरली. वडील पाळी करून परस्पर आले आणि मागे खुर्चीवर बसले. त्यांना मी यायचा आग्रह केला नव्हता. कॉलनीतलं कुठलंही व्याख्यान ते चुकवत नसत.

सर चांगलं बोलायचे, हे खोटं कशाला म्हणू? लोक माना डोलवत होते. ‘मदर’ मातृवरून, ‘ब्रदर’ भ्रातृवरून, अशी गाडी चालली. आपल्याकडच्या पंडितांची ही जुनी खोड. दोन माणसांचं नाक सारखं दिसलं की हा त्याचा बाप, असं ठरवून मोकळे. ते भाऊ असतील, हे मनातच येत नाही. आणि मग सर म्हणाले, “फार काय, इंग्रजांना कालचा दिवस म्हणायलासुद्धा आपल्याचकडे यावं लागलं. त्यांचा यस्टरडे, तो आपला ह्यः!” टाळ्या पडल्या. हा माणूस आपल्या पायानं चालत माझ्या शब्दापाशी आला होता.

प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायची पद्धत होती. मी चिठ्ठी पुढं पाठवली. अध्यक्षांनी ती वाचली, घडी करून खिशात टाकली आणि वेळेअभावी वगैरे सुरू केलं. तशी मी उभीच राहिले.

“सर, यस्टरडे जर ह्यःवरून आला,” मी म्हटलं, “तर जर्मनांच्या शब्दात ‘ग’ कुठून आला? ह्यःमध्ये तर ‘ग’ नाही. ‘ह’चा ‘ग’ झाला म्हणावं तर तसं तिकडं होत नाही. ‘घ’चे मात्र दोन्ही होतात, ‘ग’ही आणि ‘ह’ही.” आणि मग मी सगळं ओळीनं मांडलं. ग्रीक, लॅटिन, जर्मन, इंग्रज, आपण. सगळ्यात शेवटी पाली. प्रत्येक ‘ह्यः’ मी असा म्हटला की मागच्या खुर्चीपर्यंत श्वास जावा. “म्हणजे संस्कृत आई नाही सर, बहीण आहे. आणि मुळातल्या ‘घ’चा तिनंही ‘ह’च केलाय. मूळ भाषेचा कुणी सर दारात बसला असता, तर त्यानं संस्कृतलासुद्धा सांगितलं असतं, बाळ, तुझी जीभ जड आहे.”

हॉलमध्ये कुणीतरी फिस्‌कन हसलं. सरांचा चेहरा उतरला. तो मी डोळे भरून पाहिला, आणि सांगायला मला मुळीच लाज वाटत नाही की असं सुख मला नंतर फार थोड्या गोष्टींनी दिलं.

पण ते मुरलेले गृहस्थ होते. मोठ्यानं हसले, माइक जवळ ओढला आणि दोन्ही हात माझ्याकडे करून म्हणाले, “पाहिलंत? पाहिलंत ना? ही आमच्या कॉलनीतली मुलगी! लहानपणी माझ्याच वर्गाला आलेली. पाया पक्का घातला की इमारत अशी उभी राहते. बाळ, आज तू गुरूला जिंकलंस, आणि शिष्येकडून हरण्यासारखं भाग्य नाही!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्ष उठून सरांशी हात मिळवायला लागले. शेजारच्या बाईंनी माझी पाठ थोपटली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. माझी इतकी वर्षं, ती गच्ची, ती लायब्ररी, सगळं एका वाक्यात त्यांच्या खात्यावर जमा! मला ओरडायचं होतं. पण त्या टाळ्यांत मी ओरडले असते तर ‘गुरूला उलट बोलली’ एवढंच लोकांनी लक्षात ठेवलं असतं.

तेवढ्यात मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

वडील उभे राहिले होते. चार माणसांत कधी तोंड न उघडणारा माणूस. कंपनीच्या कपड्यांतच होते. त्यांनी हात जोडले, त्यामुळे सगळ्यांना वाटलं की मुलीच्या वतीनं आभार मानताहेत, आणि टाळ्या आपोआप थांबल्या.

“सर, माफ करा,” ते म्हणाले. “हिला तुमी नाय शिकवलं. तुमी हिला दारातून परत लावलं. जीभ जड हाय म्हणालात. मी जिन्यात उभा होतो.”

सर काहीतरी पुटपुटले, बहुतेक ‘गैरसमज’ असा शब्द होता. वडिलांनी ते ऐकलंच नाही.

“पहिला दिवस म्हणून तुमच्यासाठी नारळ आणला होता,” ते म्हणाले. “तुमच्या पायाशी ठेवायला. पोरगी बाहेर येताना दिसली, तसा मी तिच्या आधी खाली उतरलो. तिला कळू नये म्हणून.”

मग ते बसले. आभारप्रदर्शन कुणी केलं, झालं की नाही, मला आठवत नाही.

त्यानंतर मला पुष्कळांनी सांगितलं की सर वयस्कर आहेत, विसरून जा. सरांनी स्वतःही निरोप पाठवला की घरी ये, बोलू. मी गेले नाही. पुढं ते वारले तेव्हा सगळी इमारत जाऊन आली, मी गेले नाही. माझ्या जिभेचं उट्टं मी त्या संध्याकाळी हॉलमध्ये काढलं होतं, त्याबद्दल माझी काही तक्रार उरली नाही. पण माझे वडील हातातला नारळ शर्टाखाली लपवत, आपल्याच पोरीच्या नजरेला पडू नये म्हणून तो जिना पळत उतरले, त्याचं उट्टं काढायला मी अजून कुठल्या भाषेत जायचं?